न्यू जर्सीत जुनी स्पोर्टफिशिंग बोट घेताय? नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने

एडिसनहून गार्डन स्टेट पार्कवे धरून दक्षिणेला निघालात की दीडेक तासात न्यू ग्रेटना लागतं. अटलांटिक सिटीला जाताना या गावावरून मी किती वेळा गेलो असेन, मोजदाद नाही. तिथे बास नदीच्या काठी व्हायकिंग यॉट्सचा कारखाना आहे आणि खोल समुद्रातल्या गळाच्या मासेमारीच्या जगात त्या नावाला मोठा मान आहे, हे मला अकरा वर्षांनी कळलं. मी मूळचा हर्णैचा. बंदरात वाढलेल्या माणसाला शेजारचा बोटींचा कारखाना दिसू नये, याची अजून लाज वाटते.

आम्ही चार मित्रांनी मिळून १९९० च्या दशकातली ४३ फुटी जुनी बोट घेतली. शोध सुरू केल्यापासून बोट धक्क्याला लागेपर्यंत चौदा महिने गेले. त्यातले निदान सहा महिने केवळ अज्ञानापोटी. तुमचे ते वाचावेत म्हणून हे लिहितोय.

आधी चार शब्द

जाहिरातीत 'कन्व्हर्टिबल' लिहिलं असेल तर छप्पर उघडणारी गाडी डोळ्यांसमोर आणू नका. खाली राहायला सलून आणि खोल्या, वर फ्लायब्रिज म्हणजे जिथून बोट चालवतात तो माळा, आणि मागे कॉकपिट, म्हणजे मासे ओढून घ्यायचं उघडं अंगण, अशी ही रचना. दोन्ही बाजूंना लांब काठ्या असतात ते आउटरिगर, गळाच्या दोऱ्या फाकवून ठेवायला. काही बोटींवर ॲल्युमिनियमचा उंच मनोरा असतो, तो टुना टॉवर. हर्णैला डोलकाठीवर चढून पाण्याचा रंग बघायचे, तेच काम.

१. आधी पैसे देऊन दुसऱ्याच्या बोटीवर जा

निदान तीन चार्टर करा. एक जूनमध्ये, एक ऑगस्टमध्ये, आणि एक मुद्दाम वारा असलेल्या दिवशी. कॅन्यनची ट्रिप म्हणजे किनाऱ्यापासून सत्तर ते शंभर मैल. हडसन, टॉम्स, विल्मिंग्टन, बाल्टिमोर ही त्या समुद्राखालच्या दऱ्यांची नावं. खंडाच्या उथळ पट्ट्याची कड तिथे तुटते आणि मासा त्या कडेला जमतो. जायला चार तास, यायला चार तास. सुरुवातीला आमच्याबरोबर असलेल्या पाचव्या मित्राला पहिल्याच ट्रिपला कळलं की त्याला समुद्र फक्त काठावरून आवडतो. तो भागीदारीतून बाहेर पडला आणि अजूनही चांगला मित्र आहे. हे बोट घेतल्यावर कळलं असतं तर मैत्री राहिली नसती.

चार्टरवर जाताना केळी नेऊ नका. केळ्याचे वेफर्सही नकोत. बोटीवर केळं म्हणजे अपशकुन असं इथले कॅप्टन मानतात, आणि काहीजण खरोखर चिडतात. एकादशीचा उपास असेल तर साबुदाण्याची खिचडी न्या.

त्या चार्टरवर मासे कमी पकडा आणि कॅप्टनला प्रश्न जास्त विचारा. मेट, म्हणजे कॉकपिट सांभाळणारा पोरगा, त्याला वीस डॉलर जास्त द्या आणि विचारा, "या किनाऱ्यावरच्या कुठल्या जुन्या बोटीवर काम करायला तुला आवडेल?" माझ्यासाठी सगळ्यात उपयोगी माहिती या एका प्रश्नातून आली.

२. बोट नंतर, ती बांधणारं घर आधी बघा

नवखा माणूस वर्ष, लांबी, इंजिनाचे तास आणि किंमत बघतो. आम्हीही तसंच केलं आणि चुकलो. तीस वर्षांच्या बोटीच्या बाबतीत पहिला प्रश्न हा की जिने ती बांधली ती पेढी आज आहे का, आणि त्याच लोकांच्या हातात आहे का.

कारण सरळ आहे. अशी बोट गाडीसारखी लाखांनी निघत नाही. एका मॉडेलच्या मोजक्या बोटी, त्यातही प्रत्येक मालकाने काहीतरी बदलून घेतलेलं. तुमच्या बोटीत डिझेलची नळी कुठल्या भिंतीतून गेली आहे, डेकखाली बाल्सा लाकूड कुठे आहे आणि कुठे नुसतं फायबरग्लास, हे फक्त बांधणाऱ्यालाच माहीत. हर्णैत गल्बत बांधणारा मेस्त्री वीस वर्षांनीही लांबूनच आपली बोट ओळखायचा आणि "तिसऱ्या फळीला बघ, तिथे गाठ होती" असं सांगायचा. तीच गोष्ट इथे हल नंबरावरून, म्हणजे बोटीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरावरून होते.

व्हायकिंगचं उदाहरण घ्या. १९६४ मध्ये बॉब आणि बिल हीली या दोन भावांनी लाकडी बोटी बांधणारी एक छोटी पेढी विकत घेतली. पुढे बिल यांचा मुलगा पॅट कारभार बघू लागला. कंपनी आजही त्याच कुटुंबाची, त्याच नदीकाठी. मध्ये एकदा सगळं संपायची वेळ आली होती. १९९१ पासून अमेरिकी सरकारने एक लाख डॉलरवरच्या बोटींना, वरच्या रकमेवर दहा टक्के चैनकर लावला. श्रीमंतांनी कर भरला नाही, बोटी घेणंच थांबवलं. मार बसला तो सुतार, रंगारी आणि फायबरग्लासचं काम करणाऱ्यांना. व्हायकिंगकडचे कामगार दीड हजाराच्या आसपास होते ते शंभराच्या आत आले. हीली बंधूंनी पदरचे पैसे घालून कारखाना जिवंत ठेवला, वॉशिंग्टनला जाऊन भांडले, आणि १९९३ मध्ये बोटींवरचा तो कर गेला. हे फक्त इतिहास म्हणून सांगत नाही. १९९१ ते ९३ या सालातली बोट जाहिरातीत दिसली तर ती मंदीत बांधलेली आहे हे लक्षात ठेवा. मग ती पेढी कुठलीही असो, त्या काळात तिथे काय चाललं होतं ते विचारा.

आता दुसरी बाजू. बर्ट्रम आणि हॅटेरस ही दोन्ही नावं मोठी. १९६० च्या मायामी ते नॅसॉ शर्यतीत खोल व्ही आकाराच्या तळाची बोट उसळत्या समुद्रात पुढे निघाली आणि त्यातून बर्ट्रम ३१ जन्माला आली. हॅटेरसने त्याच सुमारास नॉर्थ कॅरोलायनात ४१ फुटी फायबरग्लासची मासेमारी बोट उतरवली, लोक हसत असताना. पण दोन्ही कंपन्या पुढे अनेकदा विकल्या गेल्या. बोटी वाईट नाहीत, मी आनंदाने घेईन. फक्त जुन्या बोटीची कागदं कुठल्या मालकाच्या काळात कुठे गेली हे आधी शोधावं लागतं. आणि न्यू जर्सीचीच ओशन यॉट्स: बोटी बांधणाऱ्या लीक घराण्यातली, १९७७ ची. ती बंद झाली आणि तिच्या कारखान्याची जागा पुढे व्हायकिंगने घेतली. अशा बोटी स्वस्त मिळतात, पण सुट्या भागांसाठी तुम्हाला जुन्या मालकांच्या ओळखी लागतील.

लाकडाच्या हातबांधणीच्या बोटींचा मोह अनेकांना होतो. त्यांचा उगम फ्लोरिडातल्या वेस्ट पाम बीचचा. रिबोविच बापलेकांनी १९४० च्या दशकात खास गळाच्या मासेमारीसाठी म्हणून बोट बांधायला सुरुवात केली आणि टुना टॉवरही त्यांच्याच कारखान्यातला. नॉर्थ कॅरोलायनाच्या वॉंचीज, मँटिओ भागात आजही पातळ लाकडी थर इपॉक्सीत चिकटवून, नाळेला फाकलेला डौल देऊन बोटी बांधतात. दिसायला याहून देखणं काही नाही. पहिली बोट म्हणून घेऊ नका. ती सांभाळायला जाणकार हात लागतात आणि ते हात स्वस्त नसतात.

मग करायचं काय? बोट आवडली की पाठीमागे, उजव्या बाजूला वर कोरलेला बारा अक्षरांचा हल नंबर टिपून घ्या. १९७२ नंतरच्या प्रत्येक बोटीवर तो असतो. पहिली तीन अक्षरं बांधणाऱ्याची, शेवटच्या चारांत बांधणीचा महिना, वर्ष आणि मॉडेलचं वर्ष. जाहिरातीतलं वर्ष आणि या नंबरातलं वर्ष जुळतंय का ते बघा. मग तो नंबर घेऊन पेढीच्या सुट्या भागांच्या विभागाला फोन करा आणि या हलची मूळ माहिती, वायरिंगचा आराखडा, टाक्यांची माहिती मिळेल का विचारा. उत्तर किती लवकर आणि कसं मिळतं यावरून पुढची दहा वर्षं कशी जातील ते कळतं.

३. भागीदारी असेल तर आधी कागद करा

बोट शोधण्याच्या आधी करा. नंतर लाज वाटते. आमच्या कागदात या गोष्टी आहेत: कोण कधी वापरणार, जुलै-ऑगस्टच्या शनिवारांची चिठ्ठी कशी काढायची, इंधन वापरेल त्याचं, बाकी खर्च समान, कोणी बाहेर पडला तर त्याचा हिस्सा कोणत्या किमतीने घ्यायचा, पाच हजार डॉलरवरच्या दुरुस्तीला किती जणांची संमती. बायकांनाही बैठकीला बसवा. आमच्याकडे खर्चाचा खरा हिशेब त्यांनीच मांडला.

तो हिशेब थोडक्यात असा. धक्क्याची जागा, विमा, हिवाळ्यातली साठवण, तळाचा रंग, झिंक (बोटीचा गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे तुकडे), इंजिनाची देखभाल मिळून वर्षाला किमतीच्या दहा टक्के धरा असं सगळे सांगतात. जुन्या बोटीला पंधरा टक्के धरा. इंधन वेगळं. आमची बोट बावीस नॉट्सने धावताना दोन्ही इंजिनं मिळून तासाला चाळीस-पंचेचाळीस गॅलन डिझेल पिते. कॅन्यनची एक ट्रिप म्हणजे साडेतीनशे ते चारशे गॅलन. हा आकडा घरी कोणी विचारला तर खरा सांगा, नाहीतर क्रेडिट कार्डच सांगतं.

एक सापळा खास आपल्या लोकांसाठी. मंडळाची पिकनिक ठेवून माणशी तिकीट लावलंत तर तुम्ही पैसे घेऊन प्रवासी नेणारे ठरता आणि त्यासाठी कोस्ट गार्डचं कॅप्टनचं लायसन्स लागतं. मित्रांनी आपखुशीने डिझेलात वाटा उचलला तर चालतं. "दोनशे दिलेस तरच ये" हे चालत नाही. विमाही अशा वेळी हात वर करतो.

४. ऑफर

विक्रेत्याचा ब्रोकर असतो, कमिशन विक्रेता देतो. तुम्हीही तुमच्या बाजूचा ब्रोकर घ्या; दोघं तेच कमिशन वाटून घेतात. ऑफरसोबत साधारण दहा टक्के अनामत ब्रोकरच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे व्यवहार होईपर्यंत पैसे राखून ठेवायच्या खात्यात जाते. करारात सर्व्हे (तज्ज्ञाची तपासणी) आणि सी ट्रायल (पाण्यात चालवून बघणं) यांनंतर बोट स्वीकारण्याची तारीख असते. ती तारीख उलटली आणि तुम्ही लेखी काही कळवलं नाहीत तर काय होतं ते वाक्य दोनदा वाचा. काही करारांत गप्प राहणं म्हणजे नकार, काहींत होकार.

५. हलचा सर्व्हे: इथे घाई करू नका

सर्व्हेअर स्वतः निवडा. ब्रोकरने सुचवलेला, विक्रेत्याकडे आधीच असलेला, किंवा "दोन वर्षांपूर्वीच झालाय" असा, यांपैकी एकही नको. सॅम्स किंवा नॅम्स या संघटनांचा मान्यताप्राप्त आणि या आकाराच्या फायबरग्लास बोटी बघितलेला माणूस हवा. फी लांबीच्या हिशेबाने, फुटाला वीस ते तीस डॉलर. बोट पाण्याबाहेर काढायचा खर्च तुमचा.

आणि त्या दिवशी सुट्टी काढून तिथे हजर राहा. मी आयुष्यात घेतलेली सगळ्यात चांगली शिकवणी ती होती.

आम्ही बघितलेली पहिली बोट चित्रासारखी होती. सागवानावर आरसा दिसेल असं व्हार्निश, सलूनमध्ये नवी चामड्याची कोचं. सर्व्हेअर म्हातारा होता, गुडघ्यांवर पॅड बांधून आला. प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी घेऊन पुढच्या डेकवर ठोकत रांगायला लागला. आपण माठ घेताना टिचकी मारून बघतो तसं. टक्, टक्, टक्... आणि रेलिंगच्या खांबांपाशी आवाज बदलला. थप्. ओल्या गाठोड्यावर मारल्यासारखा. मग ओलावा मोजायचं यंत्र लावलं, काटा शेवटाला.

झालं होतं असं: या बोटींच्या डेकमध्ये फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड असतं, वजन कमी आणि ताठपणा जास्त म्हणून. कोणा मालकाने रेलिंग बदलताना छिद्रं पाडली आणि नीट सील केली नाहीत. वर्षानुवर्षं पाणी मुरलं आणि आतलं लाकूड कुजलं. वरून काहीही दिसत नव्हतं. सगळं पुढचं डेक उकलायचा अंदाज ऐकून आम्ही चौघे गाडीत बसलो आणि बराच वेळ कोणी बोललं नाही. सर्व्हेचे दोन हजारांच्या आसपास गेले. अनामत परत मिळाली. ते दोन हजार मी फुकट गेले असं मानत नाही.

म्हणून सर्व्हेअरला विशेष करून या जागा दाखवायला सांगा: जिथे जिथे स्क्रू किंवा बोल्ट डेकमध्ये शिरतो, रॉडहोल्डर, आउटरिगरचे पाय, टॉवरचे पाय, फायटिंग चेअरचा, म्हणजे मोठ्या माशाशी झुंजताना बसायच्या खुर्चीचा खांब. चेअरच्या खाली आत जाऊन बघा. मोठा मासा ओढताना सगळा झटका तिथे बसतो. तळाला लांबीच्या दिशेने जाणारे कणे इंजिनाजवळ तडकलेत का. भिंती हलला जिथे फायबरग्लासने जोडल्यात तिथे जोड सुटलाय का. तळावर फोड आले असतील तर लगेच घाबरू नका. थोडे फोड भाव पाडायला उपयोगी, मोठे आणि खोल असतील तर बोट सोडायला. ॲल्युमिनियमच्या इंधन टाक्या जुन्या झाल्या की खालून गंजतात, आणि बदलायच्या तर कधी कधी सलूनची जमीन कापावी लागते.

किनाऱ्यावरच्या विजेच्या प्लगचं टोक हातात घ्या. काळं किंवा वितळलेलं असेल तर मालक बाकी गोष्टींतही कसा असेल याचा अंदाज येतो.

६. इंजिनाचा सर्व्हे वेगळा माणूस करतो

हलचा सर्व्हेअर इंजिन "चालू आहे" एवढंच लिहितो. त्या इंजिनाचा मेकॅनिक वेगळा बोलवा. हा खर्च वाचवायला बघणारा प्रत्येकजण पुढे त्याच्या दहापट घालवतो.

१९९० च्या दशकातल्या बोटींत बहुधा डेट्रॉइट डिझेलची टू-स्ट्रोक इंजिनं असतात, आमच्यात ६व्ही९२. आवाज प्रचंड, तेलाचे डाग कायमचे, पण समजायला सोपी. कडेची झाकणं काढली की पोर्टमधून लायनर आणि पिस्टनच्या रिंगा डोळ्यांनी दिसतात. जाहिरातीत 'मेजर'नंतर किती तास झाले ते लिहिलेलं असतं. मेजर म्हणजे पूर्ण खोलून बांधणी, आणि त्याचं बिल बघितल्याशिवाय तो झाला असं मानू नका. एका इंजिनाच्या बांधणीचा खर्च दहा हजार डॉलरांच्या पटीत जातो.

तीन युक्त्या आम्हाला मेकॅनिकने शिकवल्या.

पहिली, विक्रेत्याच्या आधी पोहोचा आणि इंजिनावर हात ठेवा. ते कोमट असेल तर कोणीतरी आधी चालवून गरम करून ठेवलंय. थंड इंजिन चालू होताना जे बोलतं तेच खरं. थंडीत पांढरा धूर निघून काही मिनिटांत विरला तर ठीक. गरम झाल्यावरही निळा राहिला तर तेल जळतंय. काळा म्हणजे ओझं जास्त किंवा हवा कमी.

दुसरी, तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात, पण तेल कालच बदललेलं असेल तर तो नमुना मुका असतो. तेल शेवटचं कधी बदललं आणि त्यावर किती तास झाले ते लेखी घ्या.

तिसरी, सी ट्रायलला टाक्या अर्ध्याहून जास्त भरलेल्या हव्यात आणि पूर्ण थ्रॉटल द्यायलाच हवं. आमच्या इंजिनाला २३०० आरपीएम गाठायला हवे होते. गाठले नाहीत तर पंखे (प्रॉपेलर) चुकीचे, तळ घाण, नाहीतर इंजिन थकलेलं. विक्रेता "एवढं कशाला पळवायचं" म्हणाला तर तिथेच थांबा.

७. बोट कोणाच्या नावावर: ग्रीन कार्डवाल्यांनी हे नक्की वाचा

पाच नेट टन (हे वजन नव्हे, आतल्या जागेचं माप) किंवा त्याहून मोठी बोट कोस्ट गार्डकडे डॉक्युमेंट करता येते, म्हणजे राज्याऐवजी केंद्राच्या नोंदीत घालता येते. वेस्ट व्हर्जिनियातल्या फॉलिंग वॉटर्स इथे त्यांचं केंद्र आहे. फायदा: मालकीचा इतिहास आणि कर्जाचे बोजे एका ठिकाणी दिसतात, बँक कर्ज देताना तेच मागते. पण मालक अमेरिकेचा नागरिक असावा लागतो. संयुक्त नावावर घेत असाल तर नावावरचा प्रत्येकजण. ग्रीन कार्ड चालत नाही, एच-१बी तर नाहीच. आमच्या चौघांत एकाची नागरिकत्वाची मुलाखत बाकी होती. हे कळलं क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा करायच्या दिवसाच्या, आठवडाभर आधी. शेवटी राज्याच्या मोटर व्हेईकल कमिशनकडे टायटल आणि नोंदणी केली, जी कोणालाही करता येते. तुमच्यापैकी कोणी नागरिक नसेल तर हे पहिल्याच दिवशी ठरवा.

तुम्ही डॉक्युमेंट करणार नसाल तरी आधीची बोट डॉक्युमेंटेड असेल तर तिचा 'ॲबस्ट्रॅक्ट ऑफ टायटल', म्हणजे मालकीचा आणि बोजांचा उतारा, मागवाच. पंचवीस डॉलर. जुन्या मालकाचं फेडलेलं पण रद्द न केलेलं कर्ज त्यात दिसतं. आणि त्या मालकाकडून डॉक्युमेंटेशनमधून बोट काढल्याचा कागद घ्या, नाहीतर राज्याचं टायटल अडतं.

सापळा: डॉक्युमेंटेशन झालं की काही दिवसांत सरकारी वाटेल असं "नूतनीकरण करा" म्हणणारं पत्र येतं, त्यात शेकडो डॉलर मागितलेले असतात. ते खाजगी दलाल. कोस्ट गार्डची स्वतःची फी वर्षाला २६ डॉलर आहे.

विक्रीकराची एक चांगली बातमी: न्यू जर्सीत बोटींना निम्मा दर लागतो, ३.३१२५ टक्के, आणि कमाल २०,००० डॉलर.

८. विमा

बोट पसंत करण्याआधी विमावाल्याला फोन करा. तुमच्याकडे या आकाराच्या बोटीचा अनुभव नाही म्हटल्यावर तो सहसा अट घालतो की लायसन्सवाल्या कॅप्टनबरोबर ठरावीक तास चालवून त्याचं पत्र आणा. आम्ही ते तास मोजायला बसलो तेव्हा कळलं की कॅप्टनही जुलैत मोकळा नसतो.

पॉलिसीत 'ठरलेलं मूल्य' आहे की 'चालू बाजारभाव' ते बघा. पहिलं महाग आणि हवं तेच. कुठल्या हद्दीत बोट न्यायची परवानगी आहे, हिवाळ्यात कधीपासून कधीपर्यंत पाण्याबाहेर ठेवायची, हवामान खात्याने नाव दिलेल्या वादळात वजावट, म्हणजे आपल्या खिशातून भरायची रक्कम, किती, हे सगळं बारीक अक्षरात असतं. समुद्रात टोइंगची वर्गणी वेगळी घ्या, हयगय नको.

९. मासे धरायचे कागद

बोट चालवणाऱ्या प्रत्येकाकडे न्यू जर्सीचं बोट सेफ्टी सर्टिफिकेट. राज्याची खाऱ्या पाण्याच्या मासेमारीची नोंदणी, ती फुकट. आणि टुना, तलवार मासा, मार्लिन, शार्क यांच्या मागे जायचं तर नोआ या केंद्राच्या समुद्र-हवामान संस्थेकडून बोटीच्या नावे एचएमएस, म्हणजे लांब भटकणाऱ्या माशांचा परवाना. तो कॅलेंडर वर्षापुरता असतो आणि जुन्या मालकाचा चालत नाही. अँगलिंगच्या, म्हणजे हौशी मासेमारीच्या परवान्यावर धरलेला मासा विकता येत नाही, ओळखीच्या रेस्टॉरंटलाही नाही.

यलोफिन टुना माणशी दिवसाला तीन, आणि लांबी किमान २७ इंच. ब्लूफिन धरला तर २४ तासांत कळवायचं. ब्लूफिनचे आकडे मोसमात मध्येच बदलतात, म्हणून निघायच्या सकाळी पुन्हा बघा. गंमत म्हणजे आमच्याकडे बाजारात कुपा म्हणजे दुय्यम मासा, सुरमई मिळाली नाही तर घ्यायचा. इथे त्याच्याच भाऊबंदांसाठी लोक चारशे गॅलन जाळतात.

स्पर्धेच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका. मेरीलँडच्या ओशन सिटीत १९७४ पासून व्हाइट मार्लिन ओपन भरते, बक्षिसं लाखोंची, आणि मोठं बक्षीस घेणाऱ्याला खोटं पकडायच्या यंत्रासमोर बसवतात.

१०. पहिल्यांदा निघायच्या आधी

इपर्ब, म्हणजे संकटात उपग्रहाला हाक मारणारं यंत्र, जुन्या मालकाच्या नावावर असतं. ते नोआकडे तुमच्या नावावर करा. नाहीतर तुम्ही बुडताना फोन त्याच्या घरी जाईल. लाइफ राफ्टची तपासणी कधी झाली ते बघा. आमच्या बोटीवरच्या राफ्टची तारीख संपून सहा वर्षं झाली होती. फ्लेअर, म्हणजे मदत मागायला पेटवायचे दिवे, बनवल्यापासून ४२ महिन्यांनी बाद. पुन्हा न भरता येणारे अग्निशामक कारखान्यातून निघाल्यापासून बारा वर्षांनी बाद. रेडिओचा एमएमएसआय, म्हणजे बोटीची ओळख पटवणारा नंबर, नवीन घ्या.

डिझेलचा एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेला हात न लावता. बार्नेगॅट किंवा मॅनास्क्वानच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी बाहेर येत असेल आणि वारा समोरून असेल तर लाटा उभ्या राहतात. पहिल्या दहा वेळा भरतीतच आत या. हा धडा आम्हाला कॅप्टनने शिकवला. शिकवताना तो शांत होता, आम्ही नव्हतो.

सगळे कागद एका ठिकाणी

- विक्रीपत्र, डॉक्युमेंटेड बोट असेल तर कोस्ट गार्डचा सीजी-१३४० फॉर्म, नोटरीसमोर सही केलेला
- ॲबस्ट्रॅक्ट ऑफ टायटल, किंवा राज्याचं मूळ टायटल
- कर्ज फिटल्याचं पत्र, असल्यास
- दोन्ही सर्व्हे आणि तेलाच्या तपासणीचे निकाल
- इंजिनाच्या दुरुस्तीची मूळ बिलं
- जनरेटर, रेडिओ, चार्ट प्लॉटर, राफ्ट यांचे सिरियल नंबर, करारातच लिहिलेले
- विक्रीत काय काय येतं त्याची यादी. आमच्या वेळी रॉड आणि फायटिंग चेअरची गादी "विसरून" गेली होती
- विम्याचा तात्पुरता दाखला, क्लोजिंगच्या दिवसापासूनचा
- भागीदारीचा कागद

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बोट वर काढायची वेळ यार्डाकडे ऑगस्टमध्येच मागा. आम्ही ऑक्टोबरात मागितली आणि डिसेंबर मिळाला; पाण्याच्या नळ्यांत गुलाबी अँटीफ्रीझ टाकताना बोटं बधिर झाली होती. वर काढल्याच्या दिवशीच, तळ ओला असताना प्रेशर वॉश करून घ्या. वाळले की शिंपले छिन्नीने काढावे लागतात.